पहाडावरचं बिऱ्हाड

"चढ चढता येते का?"

खोली पाहायला आलेल्या माणसाला घरमालक काय विचारतो? पगार किती, लग्न झालं का, मांसमच्छी खाता का. आमच्या मालकांनी मला पहिला प्रश्न हा विचारला. मी म्हटलं, येतो की. ते म्हणाले, "नुसतं येतो म्हणून होत नाही बाबू," आणि अंगणातला मसाला वाटायचा पाटा उचलून माझ्या हातात दिला. तो दगड पोटाशी धरून मी गच्चीपर्यंत गेलो आणि परत खाली आलो. मालकांनी माझ्या छातीला कान लावला, जरा वेळ ऐकत राहिले आणि मग आत तोंड करून म्हणाले, "अवं, चहा टाक. भाडेकरू भेटला."

नंदनवनातली ती वरची खोली मला अशी मिळाली. मी तेव्हा नुकताच कारकून झालो होतो आणि खोली मिळत असती तर पाट्याबरोबर वरवंटाही उचलला असता. खालच्या मागच्या खोलीत एक गुरुजी राहत. गणित शिकवायचे, अंगानं चांगलेच भरलेले. त्यांनी म्हणे पाट्याकडे नुसतं पाहिलं आणि बाजूच्या खुर्चीवर बसून घेतलं. तरी मालकांनी त्यांना ठेवून घेतलं, कारण पहाडावर सामानाजवळ बसायला एक माणूस लागतोच.

कोणता पहाड, ते सांगतो. आधी मालकांचा धंदा सांगायला पाहिजे.

मालक कूलर बनवायचे. पत्र्याची पेटी, आत पंखा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर ठिबकणारं पाणी. वाळ्याला आमच्या नागपुरात खस म्हणतात. उन्हाळ्यात त्यांच्या दुकानावरून नुसतं चालत गेलं तरी खसचा ओला वास यायचा आणि पाय आपोआप हळू पडायचे. मालकांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं, "हवा खेळली पाह्यजे." भात चिकट झाला, हवा खेळली नाही. शेजारच्या नवराबायकोचं भांडण झालं, घरात हवा खेळत नसन. गुरुजींचा एक विद्यार्थी गणितात नापास झाला तेव्हाही ते हेच म्हणाले.

आता गंमत ऐका. अख्ख्या नागपूरला थंड करणाऱ्या या माणसाच्या घरात मे महिन्यात कूलर नसायचा. म्हणजे लागायचा दरवर्षी. होळी झाली की मालक स्वतः खिडकीत एक नवा कोरा कूलर बसवायचे आणि काकूंना, म्हणजे मालकीणबाईंना, सांगायचे, "या वर्षी हा हालणार नाही." मग ऊन तापायचं, दुकानातले कूलर संपायचे आणि दारात कोणीतरी येऊन उभं राहायचं. कोणाचे वडील आजारी, कोणाची बहीण बाळंतपणाला आलेली, कोणाच्या पोराची परीक्षा. मालकांच्या तोंडाला 'नाही' हा शब्दच नव्हता. ते पाना घेऊन आत जायचे आणि खिडकीतला कूलर खोलायचे. एकदा तर काकू दुपारच्या त्याच्यासमोर झोपल्या होत्या. मालकांनी तो इतक्या अलगद काढून नेला की काकूंना जाग आली ती घाम फुटल्यावर.

काकूंना उन्हाळा सोसत नसे. शरीर जड, पाठभर घामोळ्या. एप्रिलपासून त्या ओला टॉवेल गुंडाळून सिमेंटच्या फरशीवर पडलेल्या असायच्या आणि कोणी विचारो न विचारो, बोलायच्या, "साऱ्या नागपूरले थंड करून राहिला हा माणूस, अन् मी इथं पापडावानी भाजून राहिली."

मालकांना ते लागायचं. खोटं कशाला सांगू, माणूस वाईट नव्हता. पण त्यांचं लागणंसुद्धा सरळ रस्त्यानं जायचं नाही. ते म्हणायचे, "कूलरची थंडी नकली असते वं. तुले मी असली थंडी दाखवतो. पहाडावरची."

हा पहाड त्यांना भेटला होता कॅलेंडरवर. पाण्याचे पंप विकणाऱ्या एका एजंटनं दिलेलं कॅलेंडर. त्यावर हिरवं कुरण, दोन हरणं, मागं बर्फानं भरलेला डोंगर, आणि खाली त्या राष्ट्रीय उद्यानाचं नाव. म्हणजे नाव होतं. मी राहायला गेलो त्याच्याआधीच काकूंनी तेवढा खालचा तुकडा फाडून त्यात हिंग बांधून ठेवला होता आणि हिंग संपल्यावर पुडी चुलीत गेली. तेव्हापासून आम्ही जिथं जायचं ते ठिकाण कोणतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. गुरुजींनी एकदा तशी शंका काढली. मालक म्हणाले, "पहाड हाये तो गुरुजी. कुठं पळून जाते का?"

तर दर दसऱ्याला आमचा पहाडाचा बेत सुरू व्हायचा आणि होळीला मोडायचा. कारण थंडीत तिकडे बर्फ पडून वाटा बंद, आणि उन्हाळ्यात मालकांचं दुकान उघडं. मधले महिने मात्र आमची तयारी अशी जोरात चालायची की विचारू नका.

मालकांनी पहिल्यांदा सरावाला घराचा जिना घेतला. गेरूनं पायरीपायरीवर लिहून काढलं. इथे नदी. इथे देवदार. इथे अस्वल. जिना जिथं वळतो तिथं मोठ्या अक्षरांत, इथे दम लागतो. तिथं थांबायचंच, असा नियम. मी ऑफिसातून भाजीची पिशवी घेऊन वर जायला निघालो की खालून आवाज यायचा, "बाबू, थांबला का?" थांबलो म्हणावं लागायचं. अस्वलाच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी टाळी वाजवायची, म्हणजे अस्वल बाजूला होतं. दूधवाल्यालाही यातून सुटका नव्हती. सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या मला दूधवाल्याची टाळी ऐकू यायची, मग तो वळणावर थांबलेला कळायचा, मग कॅन वाजायचा. मला पुढेपुढे इतकी सवय लागली की एकदा ऑफिसच्या जिन्यावर मी टाळी वाजवली. वरून आमचे साहेब उतरत होते. त्यांनी विचारलं काय झालं. मी काय सांगणार, अस्वल?

मग थंडीची सवय. मालक आम्हाला बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेले. ओळखीचा होता कारखानदार. स्वेटर, मफलर, माकडटोप्या घालून आम्ही तिघं बर्फाच्या लाद्यांमध्ये उभे राहिलो. बाहेर नागपूरचं साधं ऑक्टोबरचं ऊन होतं, तेही काही कमी नसतं. गुरुजींना आत फार बरं वाटलं, ते म्हणाले मी इथंच थांबतो. मालक मात्र लगेच दार ढकलून बाहेर आले. टपरीवर चहा घेतला आणि मग निकाल दिला, "थंडी चांगली हाये. पण हवा खेळत नाही. अशा थंडीत माणूस उबून मरते."

तिथंच तंबूचा विषय निघाला. मालकांनी मंडप शिवणाऱ्या एका शिंप्याला पकडलं आणि जाड पांढऱ्या कापडाचा तंबू शिवून घेतला. तंबूला चारी बाजूंनी मोठमोठ्या खिडक्या. आणि एकेका खिडकीत, काय सांगू तुम्हाला, खसची ताटी. बर्फात लावायच्या तंबूला.

गुरुजींनी आपल्या परीनं समजावून पाहिलं. "मालक, पहाडावर आधीच थंडी असते. खस कशाला?"

"असते ना थंडी," मालक म्हणाले. "पण तिले आत यायले रस्ता पाह्यजे का नाही?"

जन्मभर ज्यानं थंडीला हाताला धरून घरात आणलं, त्याला थंडी बाहेर ठेवायची असते हे सुचणार कसं? मलाही खरं सांगायचं तर त्या वेळी ते पटलं होतं. नागपूरचा माणूस आहे मी.

तंबूची पहिली चाचणी उमरेडच्या रस्त्याला झाली. जानेवारीचा रविवार. मालक, काकू, गुरुजी आणि मी एसटीनं निघालो. कंडक्टर तंबूच्या काठ्यांवरून सारखा कटकट करत होता. उमरेडच्या अलीकडे एका लहान गावाजवळ उतरलो आणि गावाबाहेरच्या पडीत जमिनीवर तंबू उभा केला. काकूंनी दगड मांडून चूल पेटवली. सगळं झकास चाललं होतं. फक्त गावातून आवाज येईना. म्हणजे कुत्री भुंकत होती, बायका दिसत होत्या, पण पुरुष एक नाही.

थोड्या वेळानं गावचा कोतवाल हात जोडत आला. "साहेब, आमच्या गावचा कोटा मागच्या महिन्यातच झाला जी. सारे माणसं तुरीत जाऊन बसले. सकाळपासून कोणी जेवलं नाही."

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. त्या काळात सरकारची नसबंदीची शिबिरं गावोगावी लागत होती. पांढरा तंबू आणि शहरातून आलेले तीन पुरुष पाहिल्याबरोबर गावातली झाडून सारी माणसं तुरीच्या शेतांत लपली होती. स्वेटर घातलेले गुरुजी हे डॉक्टर, असं गावानं ठरवून टाकलं होतं. मालक त्याला पहाडाचं समजावून सांगू लागले तसा तो जास्तच घाबरला.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आला. दात एकही नाही. थेट तंबूत शिरला आणि गुरुजींसमोर बसला. "डॉक्टरसाहेब, माह्यं करून टाका."

गुरुजी मालकांच्या मागे सरकले. मालक म्हणाले, "बाबा, आता या वयात काहून?"

"म्हणे तुपाचा डबा भेटते."

"अजी बाबा, आम्ही थे नाही. आम्ही पहाडावर जाऊन राहिलो."

म्हाताऱ्यानं विचार केला. "मंग डबा पहाडावर भेटन का?"

काकूंनी त्याला पोळी दिली, ठेचा दिला आणि आपल्या डब्यातलं तूप पोळीवर चांगलं ओतून दिलं. तो जेवून शांतपणे निघून गेला. कोतवालाच्या विनवण्यांपुढे आम्ही दुपारीच तंबू मोडला. आमची एसटी हलली तेव्हा तुरीतून एकेक डोकं वर येताना मी पाहिलं. मालकांनी चाचणी यशस्वी झाली असं जाहीर केलं, कारण तंबूत हवा खेळली होती.

इथपर्यंत सगळा पोरखेळच होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मात्र काकू चुलीपाशी पडल्या.

खिडकीतला कूलर आदल्याच दिवशी कोणाच्या तरी परीक्षेला गेला होता. भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून मी खाली धावलो. काकू फरशीवर आडव्या, तोंड लाल, बोलणं बरळल्यासारखं. गुरुजींनी रिक्षा आणली. माठातलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतत आम्ही रामदासपेठेत एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, मग मालकांना बाजूला घेतलं. म्हणाले, "या वेळी वाचल्या. पुढचा उन्हाळा असाच गेला तर मी काही सांगू शकत नाही. घरी एखादा कूलर लावा की हो."

डॉक्टरांच्या खोलीतला कूलर मालकांनीच बनवलेला होता. मालक मान खाली घालून त्या कूलरची हवा अंगावर घेत उभे राहिले. 

काकू घरी आल्या. अंगात जरा ताकद आल्यावर म्हणाल्या, "एक कूलर ठेवा ना मंग माह्यासाठी. लय मोठी गोष्ट हाये का थे?"

मालक म्हणाले, "लावतो वं. पण कोणी दारात आलं तर? माह्याच्यानं नाही म्हणणं होत नाही, तुले माहीत हाये. म्हणून तुले अशा जागी नेतो, जिथं गिऱ्हाईक पोचतच नाही."

हसावं की रडावं? बायकोला वाचवायला हा माणूस हिमालय चढायला तयार होता, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायला तयार नव्हता.

पण पुढच्या वर्षी होळी झाली तरी बेत मोडला नाही. मालकांनी ऐन मोसमात दुकान बंद करायचं ठरवलं. लोकांना वाटलं, माणूस खचला. मे लागायच्या आत दुकानाच्या फळीवर गेरूनं अक्षरं उमटली, मालक पहाडावर. मग मालक आणि मी कॅलेंडर घेऊन स्टेशनवर गेलो. मालकांनी ते खिडकीतून आत सरकवलं आणि म्हणाले, "इथले चार."

तिकीटबाबूनं कॅलेंडर उलटंसुलटं पाहिलं. शेजारच्या बाबूला दाखवलं. दोघांचं बोलणं झालं. मग पहिला म्हणाला, "बर्फ दिख रहा है, मतलब ऊपर का है. दिल्ली तक निकाल देता हूँ, आगे पूछ लेना."

चार तिकिटं आली. निघायला दोन दिवस होते. मालकांनी शेवटची पाहणी म्हणून गच्चीवर तंबू उभा केला. पांढरं कापड, चारी बाजूंना खस. ताट्या कोरड्या पडून तडकू नयेत म्हणून त्यांच्यावर बादलीभर पाणी मारलं. वर मे महिन्याचं ऊन, आडवी गरम हवा सुटलेली. ती हवा ओल्या खसमधून आत शिरायची, तंबूत खेळायची आणि पलीकडून निघून जायची. काकू वर गेल्या त्या आत केर काढायला.

त्या आल्याच नाहीत.

अर्ध्या तासानं मालक घाबरून वर धावले. अस्वलाच्या पायरीवर टाळी न वाजवता गेले, यावरून समजा. मीही मागोमाग. पाहतो तर काकू तंबूत चटईवर झोपलेल्या. केरसुणी उशाशी. ओला टॉवेल नाही, कण्हणं नाही, तोंड थोडं उघडं आणि संथ घोरणं. मी त्या घरात इतके उन्हाळे काढले होते, पण त्यांना दुपारी असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मालक तिथंच उकिडवे बसले. मला त्यांनी ओठावर बोट ठेवून गप्प केलं. मग आवाज न करता बादली भरून आणली.

निघायच्या दिवशी आम्ही बिस्तरे बांधून गच्चीवर उभे. गुरुजींनी खोलीतूनच माकडटोपी घातली होती. मालक तंबूच्या काठीला हात घालणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"मी नाही येत."

"अवं, गाडीची वेळ झाली."

"तुम्ही जा. मी पोचली."

"कुठं पोचली?"

"पहाडावर," काकू आतून म्हणाल्या. "मले इथं झोप लागून राहिली. इतक्या वर्षांची झोप बाकी हाये माही. तंबूले हात लावला तर पाहा."

मालकांनी गुरुजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हातात दिल्लीची तिकिटं. इतक्या दसऱ्यांची तयारी, जिना, बर्फाचा कारखाना, उमरेड. मला त्यांची कीव आली. मग त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि बिस्तरा सोडला.

खरी परीक्षा त्यानंतरच्या दुपारी झाली. रामदासपेठेतले एक बडे वकील मोटार घेऊन थेट घरी आले. मुलीचं लग्न, घर पाहुण्यांनी भरलेलं, नवरीची आजी उन्हानं हैराण, आणि साऱ्या नागपुरात कूलर शिल्लक नाही. मालक गयावया करत त्यांना सांगत होते, दुकान बंद आहे, घरातही काही नाही. वकिलांनी सहज वर पाहिलं. गच्चीच्या कठड्यावरून तंबूचं टोक दिसत होतं आणि खसचा वास खालपर्यंत येत होता. ते विचारल्याशिवाय जिना चढले. आम्ही त्यांच्या मागे. वळणावर ते खरोखरच दम खायला थांबले.

वर येऊन त्यांनी तंबूच्या ताटीला हात लावून पाहिला. "वा," ते म्हणाले. "हेच पाहिजे मला. अंगणात उभा करतो, आजीला आत बसवतो. दोन दिवसांचा प्रश्न आहे. म्हणाल ती किंमत देतो, पण नाही म्हणू नका."

'आजी' ऐकल्याबरोबर मालकांचा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे गेला. मी पाहिला. गुरुजींनीही पाहिला आणि डोळे मिटून घेतले.  तंबूतलं काकूंचं घोरणं थांबलं होतं. त्या जाग्या होत्या आणि ऐकत होत्या.

मालकांनी पाना खिशातच सोडून हात बाहेर काढला. बादलीतल्या मगाकडे पाहिलं. मग म्हणाले, "देता नाही येत, साहेब."

"का?"

"घरचे माणसं पहाडावर गेले आहेत."

वकील तंबूकडे पाहू लागले, मालकांकडे पाहू लागले. "अहो, मग हा रिकामाच आहे ना?"

आतून काकू म्हणाल्या, "अजी, पूर्वेची ताटी वाळली. पाणी मारा ना."

मालकांनी वकिलांच्या देखत मग भरला आणि पूर्वेच्या ताटीवर पाणी मारलं. लगेच दुसरा मग.  शेवटी वकील रुमालानं मान पुसत खाली गेले. जाताना अस्वलाच्या पायरीवर त्यांना कोणी टाळी वाजवायला सांगितली नाही.

तो तंबू पुढे दरवर्षी होळीला गच्चीवर चढायचा आणि पाऊस आला की उतरायचा. दिल्लीच्या पलीकडे आमच्यापैकी कोणीच गेलं नाही. दिल्लीलाही नाही. माझी बदली होईपर्यंत मी ते पाहत होतो. काकूंना कोणी विचारलं, उन्हाळ्यात कुठं असता, तर त्या सरळ सांगायच्या, पहाडावर.

त्या दुपारी, वकील गेल्यावर, मालक तंबूबाहेरच बसून राहिले होते. गच्चीच्या फरशीवर पाय ठरत नव्हता, गरम वाऱ्याची लू तोंडावर येत होती. मी म्हटलं, मालक, उन्हात किती वेळ बसता? आतून काकूंनीही ताटी जरा बाजूला सारली आणि म्हणाल्या, "अजी, तुम्हीही या ना आत. लय जागा हाये. लय थंड हाये."

मालकांनी बादलीत मग बुडवला.

"मी आत आलो, तर पाणी कोण मारन वं?" ते म्हणाले.